जुने संगणक, जुने जोडसामान : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील टिपणात मी असे लिहिले होते की, संगणकाची खरी ओळख त्याच्या प्रोसेसरपेक्षा त्याच्या कीबोर्डमधून, माउसमधून आणि पडद्यामधून होते, कारण माणसाचा हात आणि डोळा यंत्राला भेटतात ते तिथेच. म्हणून जुने संगणक जपणाऱ्यांनी मुख्य पेटीइतकेच लक्ष तिच्याभोवतीच्या सामानाकडे दिले पाहिजे. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी सहमती कळवली, काहींनी हरकत घेतली आणि बहुतेकांनी कपाटात पडून असलेल्या एखाद्या वस्तूबद्दल नेमका प्रश्न विचारला. मी व्यवसायाने तंत्रज्ञ नाही, छंद म्हणून ही यंत्रे उघडत, साफ करत आणि वापरत आलो आहे. पुढील उत्तरे त्या दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : काकांनी वापरलेला कमोडोर ६४ तीसेक वर्षे खोक्यात बंद होता. तो आता माझ्याकडे आला आहे. चालतो की नाही हे पाहण्यासाठी सरळ वीजजोडणी देऊन पाहिले तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नये. आपली उत्सुकता मी पूर्णपणे समजू शकतो, परंतु या यंत्राच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका यंत्रात नसून त्याच्या पॉवर सप्लायमध्ये असतो. १९८२ साली आलेल्या या संगणकाला बाहेरच्या ठोकळ्यातून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे मिळतात. त्या ठोकळ्याच्या आत राळेसारखा पदार्थ ओतून सगळे भाग कायमचे बंद केलेले असल्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि कालांतराने आतला रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरावीक ठेवणारा भाग, बिघडतो. बिघडल्यावर तो वीज देणे थांबवत नाही, तर ५ व्होल्टऐवजी जास्त दाब पुढे पाठवू लागतो आणि त्यात मेमरीच्या चिप्स जळतात. बटण दाबल्यावर दिवा लागतो, पडदा कोरा राहतो, आणि मूळ यंत्र खरे तर काही क्षणांपूर्वीपर्यंत चांगले होते ही गोष्ट आपल्याला कधीच कळत नाही.

म्हणून आधी ठोकळा संगणकाला न जोडता मल्टिमीटरने डीसी दाब मोजावा. तो ५.२५ व्होल्टच्या वर असेल तर तो ठोकळा वापरायचाच नाही. मोजमाप ठीक आले तरी तेवढ्याने निर्धास्त होऊ नये, कारण काही ठोकळे गरम झाल्यावर आणि भार पडल्यावर बिघाड दाखवतात. माझा स्पष्ट सल्ला असा की, मूळ ठोकळा आठवण म्हणून ठेवावा आणि यंत्र चालवण्यासाठी नव्या बनावटीचा पुरवठा घ्यावा.

इतर यंत्रांनाही हेच तत्त्व लागू आहे, फक्त धोक्याची जागा बदलते. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये प्लगचा मधला भाग ऋण असतो, तर हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो, त्यामुळे प्लग नीट बसला आणि व्होल्ट जुळले एवढ्यावर विसंबून अडॅप्टर लावणाऱ्यांनी अनेक चांगली यंत्रे गमावली आहेत. ज्या यंत्रांत पॉवर सप्लाय आतच असतो, त्यांत मुख्य वीजवाहिनीवर बसवलेले कागदी कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) पाहावेत. त्यांच्या पारदर्शक पिवळसर कवचाला बारीक तडे गेलेले दिसले, तर आत दमट हवा शिरली आहे असे समजावे. माझ्याकडे आलेल्या एका यंत्राने पंधरा मिनिटे अगदी व्यवस्थित काम केले आणि मग अचानक फट् असा आवाज होऊन खोलीभर दाट, उग्र वासाचा धूर झाला. हानी तेवढ्या एका कपॅसिटरपुरतीच झाली होती, पण त्या दिवसापासून कवच उघडून पाहिल्याशिवाय मी कोणत्याही जुन्या यंत्राला वीज दिलेली नाही.

यंत्र उघडलेच आहे तर बॅटरीही शोधावी. १९९०च्या आसपासच्या पीसी मदरबोर्डवर आणि कमोडोरच्याच अमिगा या संगणकाच्या काही मेमरी कार्डांवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. ती गळते, आणि गळालेला क्षार तांब्याच्या बारीक रेघा हळूहळू खाऊन टाकतो. हिरवट-निळसर पूड दिसली तर बॅटरी आधी कापून काढावी, डागावर व्हिनेगरचा बोळा फिरवून क्षार मारावा, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. बॅटरी अजून गळाली नसली तरीही ती काढावी. ती गळणार हे नक्की असते, कधी एवढेच ठाऊक नसते.

प्रश्न : आयबीएमच्या जुन्या कीबोर्डची एवढी स्तुती होते, ती त्याच्या गुणांमुळे की केवळ जुन्या दिवसांच्या ओढीमुळे? आवाज करणारा आणि जड असा तो कीबोर्ड आज कोणी का वापरावा?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो प्रामाणिक आहे. ओढीचा भाग आहेच, तो मी नाकारत नाही. परंतु ज्यांचा जन्मच त्या कीबोर्डच्या काळानंतर झाला अशा तरुणांच्या हाती मी तो दिला आहे, आणि दोन ओळी टंकल्यावर त्यांची बोटे थबकतात, ते पुन्हा एकच कळ दाबून पाहतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्यांना कसलीही आठवण येत नसते. त्यांच्या बोटांना काहीतरी वेगळे कळत असते.

ते वेगळे काय, हे समजण्यासाठी एक कळ अगदी सावकाश दाबून पाहावी. कळेखाली एक स्प्रिंग उभी असते. आधी ती सरळ दबत जाते आणि बोटाला वाढता विरोध जाणवतो. मग एका विशिष्ट क्षणी ती मधोमध बाजूला वाकते, विरोध एकदम सुटतो, स्प्रिंग भोवतालच्या नळीच्या भिंतीवर आपटून खणखणीत ‘टक्’ असा आवाज होतो आणि तळाची छोटी तरफ कलंडून अक्षराची नोंद होते. बोटाला जाणवणे, कानाला ऐकू येणे आणि अक्षर उमटणे या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी, एकाच कारणाने घडतात. साध्या रबरी घुमटाच्या कीबोर्डमध्ये घुमट दबल्याची जाणीव आधी होते आणि संपर्क नंतर होतो, त्यामुळे अक्षर उमटल्याची खात्री करण्यासाठी आपण नकळत प्रत्येक कळ तळापर्यंत रेटतो. दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला हा फरक संध्याकाळी बोटांत कळतो.

वाकणाऱ्या स्प्रिंगची ही रचना आयबीएमचे रिचर्ड हंटर हॅरिस यांची, आणि तिचे पेटंट १९७८चे आहे. १९८१च्या मूळ आयबीएम पीसीबरोबर आलेल्या मॉडेल एफमध्ये तरफ कलंडल्यावर विद्युतधारकतेतला बदल मोजला जात असे. १९८५पासून आलेल्या मॉडेल एममध्ये ती तरफ पातळ पापुद्र्यांवर दाब देते, आणि हाच बदल खर्च कमी करण्यासाठी केलेला होता. दोन्ही शेजारी ठेवून वापरले तर मॉडेल एफची कळ हलकी आणि अधिक स्वच्छ वाटते, आणि माझे मत निःसंशय तिच्या बाजूचे आहे. मात्र पीसीच्या मॉडेल एफमध्ये ८३ कळा असून एफ-१ ते एफ-१० या कळा डावीकडे दोन उभ्या रांगांत असतात, एंटरची कळ अरुंद असते आणि बाणांसाठी वेगळ्या कळाच नसतात. मॉडेल एमची १०१ कळांची मांडणी म्हणजे आज आपल्या सर्वांच्या टेबलावर असलेल्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डची मांडणी होय, त्यामुळे रोजच्या कामासाठी सवय मोडावी लागत नाही.

वजन दोन किलोंहून अधिक आहे हे खरे, आणि ते आतल्या वक्र पोलादी पत्र्यामुळे आहे. तो पत्रा आहे म्हणूनच टंकताना कीबोर्ड लवत नाही आणि टेबलावर सरकतही नाही. कळांचे टोपण पीबीटी प्लॅस्टिकचे आहे आणि अक्षरे त्या प्लॅस्टिकमध्ये रंग मुरवून उमटवलेली आहेत, त्यामुळे ती सहसा पुसली जात नाहीत आणि टोपण सहजी तुळतुळीत होत नाही. उणीव सांगायची तर एकच मोठी आहे. पोलादी पत्रा आणि प्लॅस्टिकचा साचा यांना धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे रिव्हेट वयानुसार तुटतात. विकत घेण्यापूर्वी कीबोर्ड उलटा-सुलटा करून हळूच हलवावा, आत बारीक तुकडे खुळखुळले तर रिव्हेट गेले आहेत असे समजावे. त्यांच्या जागी लहान स्क्रू बसवून कीबोर्ड पुन्हा घट्ट करता येतो, पण ते एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे आणि त्यात घाई चालत नाही.

आवाजाबद्दल मात्र आपली हरकत मला पूर्ण मान्य आहे. शेजारी कोणी झोपले असेल किंवा काम करत असेल तर हा कीबोर्ड वापरू नये.

प्रश्न : असा कीबोर्ड आजच्या संगणकाला जोडण्यासाठी मी साधा जोडपिन आणला, परंतु काहीच झाले नाही. कीबोर्ड बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पीएस/२, म्हणजे जुन्या कीबोर्डचा छोटा गोल प्लग, आणि यूएसबी यांत केवळ पिनांचा आकार वेगळा नसून दोघांची भाषाच वेगळी आहे. माउसच्या खोक्यात मिळणारा साधा जोडपिन फक्त तारा एकमेकींना जोडतो, त्यामुळे ज्या उपकरणांना दोन्ही भाषा येतात त्यांनाच तो उपयोगी पडतो. जुन्या कीबोर्डला आत चिप असलेला, भाषांतर करणारा परिवर्तक लागतो. आपल्या कीबोर्डला पाच पिनांचा मोठा गोल प्लग असेल तर आणखी एक प्रश्न उरतो, कारण सुरुवातीच्या पीसीचे (एक्सटी पद्धतीचे) आणि नंतरच्या एटी या पीसीचे कीबोर्ड दिसायला सारख्याच प्लगचे असूनही वेगवेगळ्या पद्धतीने बोलतात. काही कीबोर्डच्या तळाशी यासाठी एक्सटी-एटी असे सरकते बटण असते, ते आधी पाहावे. पीएस/२चा प्लग संगणक चालू असताना काढू किंवा घालू नये, ही सूचनाही इथेच करून ठेवतो.

प्रश्न : अनुकारक प्रणाली, म्हणजे एम्युलेटर, वापरून जुने सगळे कार्यक्रम आजच्या संगणकावर उत्तम चालतात. मग जागा अडवणारी खरी यंत्रे सांभाळण्याचा हट्ट कशासाठी?

उत्तर : कार्यक्रम पाहणे आणि चालवणे एवढाच हेतू असेल तर हट्ट धरू नये. एम्युलेटर हेच योग्य साधन आहे आणि मी स्वतः प्रत्येक जुन्या कार्यक्रमाची पहिली ओळख त्यावरच करून घेतो. परंतु आपले पत्र वाचताना मला असे वाटले की आपण संगणक म्हणजे कार्यक्रम असे धरून चालला आहात, आणि माझे म्हणणे नेमके तिथेच वेगळे आहे. स्पेक्ट्रमवर शब्द अक्षरागणिक टंकायचे नसत. रबरी कळांच्या त्या छोट्या कीबोर्डवर प्रत्येक कळेवर बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचे अख्खे शब्द छापलेले होते आणि एका दाबात पूर्ण आज्ञा उमटत असे. आजच्या कीबोर्डवर तोच संगणक चालवताना कोणत्या कळेखाली कोणती आज्ञा आहे हे वेगळ्या चित्रात शोधावे लागते आणि ती सगळी योजना उगाच किचकट वाटते, पण खऱ्या यंत्रासमोर बसले की ती काही मिनिटांत हाताला उमगते.

दुसरे उदाहरण आवाजाचे आहे. कमोडोर ६४मधील ६५८१ क्रमांकाची सिड ही ध्वनीची चिप बॉब यॅन्स यांनी रचली. तिच्यातील फिल्टर अॅनालॉग असल्यामुळे एका चिपचा आवाज दुसरीसारखा तंतोतंत नसतो, म्हणजे एकच रचना दोन यंत्रांवर किंचित वेगळी ऐकू येते. एम्युलेटर यांपैकी एका आवाजाचे उत्तम अनुकरण करतो. आपल्या काकांच्या किंवा आत्याच्या यंत्राचा आवाज मात्र त्या यंत्रातच असतो. जागेची अडचण खरी आहे, म्हणून मी असे सुचवेन की सगळे न जमवता एकच यंत्र त्याच्या मूळ कीबोर्ड-जॉयस्टिकसह चालू अवस्थेत ठेवावे.

प्रश्न : माझा गोळीचा माउस मधूनच अडखळतो आणि बाण फक्त आडवा सरकतो. दुरुस्ती शक्य आहे का?

उत्तर : यात बहुधा दुरुस्ती लागतच नाही, सफाई पुरते. तळाची गोल चकती बाणाच्या दिशेने फिरवून काढावी, रबराचा थर असलेली पोलादी गोळी हातात घ्यावी आणि रिकाम्या पोकळीत उजेड पाडून पाहावे. एकमेकींना काटकोनात बसवलेले दोन रूळ आणि गोळीला त्यांच्यावर दाबून धरणारे स्प्रिंगचे तिसरे चाक दिसेल. रुळांच्या मधोमध, जिथे गोळी टेकते नेमक्या त्या जागी, करड्या मळाचा एक कडक पट्टा चढलेला असतो. तो अल्कोहोलने विरघळेल अशी वाट पाहण्यापेक्षा नखाने किंवा लाकडी काडीने खरवडावा, तो कातड्याच्या पट्टीसारखा अख्खा निघून येतो, आणि रूळ बोटाने हळूहळू फिरवत पूर्ण वेढा साफ करावा. आपला बाण आडवा सरकतो आणि उभा सरकत नाही, म्हणजे दोहोंपैकी एकच रूळ घसरत आहे. गोळी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत घालावी.

सफाई करताना रुळाच्या टोकाला असलेल्या खाचांच्या चकतीकडेही लक्ष द्यावे. तिच्या एका बाजूला अवरक्त दिवा आणि दुसऱ्या बाजूला दोन प्रकाशग्राही असतात. चकती फिरताना त्या दोघांपैकी आधी कोणाचा प्रकाश अडला यावरून दिशा कळते आणि किती वेळा अडला यावरून अंतर कळते. इतक्या साध्या युक्तीवर जगभरचे माउस अनेक वर्षे चालले. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवलेल्या माउसमध्ये गोळीही नव्हती, दोन चाकेच थेट टेबलावर फिरत होती; गोळीची कल्पना त्याच वर्षी जर्मनीत टेलिफुंकनने बाजारात आणली. पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रे घेऊन हालचाल ओळखणारा प्रकाशीय माउस १९९९मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आला आणि रूळ खरवडण्याचे काम संपले. वापरायला तो सर्व बाबतींत सरस आहे, हे मी संकोच न करता सांगतो.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात पाऊणशे फ्लॉप्या सापडल्या, काही सव्वापाच इंची आणि काही साडेतीन इंची. त्यांत त्यांचे लेखन असावे. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह आणून वाचता येतील का?

उत्तर : साडेतीन इंची, पीसीवर लिहिलेल्या फ्लॉप्या तशा वाचता येण्याची शक्यता चांगली आहे. सव्वापाच इंची तशा वाचता येणार नाहीत, आणि अमिगासारख्या यंत्रावर लिहिलेल्या साडेतीन इंचीही नाहीत, कारण अमिगा त्याच चकतीवर वेगळ्या मांडणीने ८८० किलोबाइट बसवत असे आणि यूएसबी ड्राइव्हला पीसीची ठरावीक मांडणीच समजते. परंतु वाचण्याच्या साधनापेक्षा आधी चकत्यांची स्थिती महत्त्वाची आहे, आणि वडिलांच्या लेखनाचा प्रश्न असल्यामुळे मी जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम प्रत्येक फ्लॉपी लेखनापासून सुरक्षित करावी. इथे हमखास गोंधळ होतो, कारण दोन आकारांची पद्धत एकमेकींच्या उलट आहे. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही, तर साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी केली की तिच्यावर लिहिता येत नाही. त्यानंतर चकतीचा पृष्ठभाग पाहावा. सव्वापाच इंचीच्या मधल्या भोकात दोन बोटे घालून चकती सावकाश फिरवावी आणि लांबट खाचेतून दिसणारा तपकिरी पृष्ठभाग तिरप्या उजेडात न्याहाळावा. पांढुरके ठिपके किंवा जाळ्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. हार्ड डिस्कप्रमाणे इथे वाचणारे हेड अधांतरी तरंगत नसते, ते चकतीला प्रत्यक्ष घासून चालते, त्यामुळे एका चकतीवरची बुरशी किंवा सुटलेला थर हेडवर बसतो आणि पुढची चांगली चकती ओरबाडतो. वाचताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी थांबावे, फ्लॉपी काढावी आणि हेड अल्कोहोलने पुसावे.

वाचण्यासाठी माझी शिफारस अशी की, खऱ्या जुन्या ड्राइव्हला ग्रीसवीझलसारखे लहान कार्ड जोडून वाचन करावे. ही कार्डे फायली शोधत बसत नाहीत; चुंबकीय दिशा कोणत्या क्षणी पालटली याच्या वेळांची नोंद ती जशीच्या तशी उतरवून घेतात आणि तिचा अर्थ लावण्याचे काम नंतर संगणकावर निवांत करता येते. त्यामुळे फ्लॉपी पीसीची होती, अमिगाची होती की आणखी कशाची, हे आधी ठाऊक असावे लागत नाही, आणि नाजूक चकती एकदाच फिरवावी लागते. वाचन झाल्याबरोबर प्रतिमेच्या, म्हणजे उतरवून घेतलेल्या या नोंदीच्या, दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात आणि मगच आतले लेखन उघडण्याचा प्रयत्न करावा.

एक धोका आवर्जून सांगतो. ३६० किलोबाइटची सव्वापाच इंची फ्लॉपी १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पण तिच्यावर तिथे काही लिहू नये. त्या ड्राइव्हचे हेड अरुंद असते, त्यामुळे जुन्या रुंद पट्ट्यावर ते अरुंद पट्टा लिहिते आणि दोन्ही बाजूंना जुन्या लेखनाचा अंश शिल्लक राहतो. मग मूळ ड्राइव्हला दोन्ही एकदम दिसतात आणि धड काहीच वाचता येत नाही.

पाऊणशेपैकी काही वाचल्या जाणार नाहीत याची मनाची तयारी ठेवावी. मात्र पहिल्या प्रयत्नात न वाचली गेलेली फ्लॉपी टाकून देऊ नये, दुसऱ्या ड्राइव्हवर ती वाचली गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : जुन्या संगणकाला सपाट मॉनिटर लावावा की काचेच्या नळीचा जुना मॉनिटर शोधावा? जुना मॉनिटर बंद पडल्यास घरी उघडता येईल का?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. घरी उघडू नये. रंगीत नळीच्या ॲनोडवर वीस ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, वीज बंद केल्यावरही तो नळीत साठून राहू शकतो आणि नळीची मागची निमुळती मान फुटली तर ती जागीच निकामी होते. हे काम शिकलेल्या माणसाकडेच द्यावे.

पहिल्या भागाबद्दल सांगायचे तर १९८०च्या दशकातील घरगुती संगणकांसाठी जुना मॉनिटर मिळाल्यास अवश्य घ्यावा. स्पेक्ट्रमचे चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचे असते. सपाट पडद्यावर ते ताणले की प्रत्येक ठिपका कापलेल्या फरशीसारखा चौकोनी आणि टोकदार दिसतो, पण तसा तो कोणी रेखाटलाच नव्हता. नळीवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत किंचित मिसळतात, आणि दोन रंगांचे ठिपके एकाआड एक ठेवून तिसऱ्या रंगाचा भास करून देणे ही त्या काळच्या चित्रकारांची नेहमीची रीत होती. शिवाय नळीच्या मॉनिटरमध्ये चित्र साठवून, मोठे करून दाखवण्याचा टप्पाच नसल्यामुळे जॉयस्टिक हलवल्यावर चित्र तत्काळ हलते. प्रकाशाच्या बंदुकीचे खेळ तर सपाट पडद्यावर चालतच नाहीत, कारण ती बंदूक नळीतील किरण पडद्यावर कोणत्या क्षणी कुठे आहे यावरून नेम ओळखते.

पीसीचा मॉनिटर निवडताना वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती आडव्या रेघा रंगवल्या जातात ती, जुळते का हे पाहावे. घरगुती संगणक सुमारे १५.७ किलोहर्ट्झ देतात, तर १९८७च्या व्हीजीए या पीसीच्या चित्रपद्धतीपासूनचे मॉनिटर ३१.५ किलोहर्ट्झची अपेक्षा करतात. आयबीएमच्या ५१५१ या हिरव्या मॉनिटरला चुकीचा सिग्नल दिल्यास चित्र न दिसण्यावर भागत नाही, त्याच्या आतल्या भागांना इजा होऊ शकते. या मॉनिटरचे मला विशेष प्रेम आहे. त्याचा हिरवा फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चकाकणारा लेप, मुद्दाम मंद गतीने विझणारा निवडलेला होता, त्यामुळे सेकंदाला ५० वेळाच चित्र रंगवूनही अक्षरे लुकलुकत नाहीत, आणि मजकूर वर सरकला की ओळींचा फिकट माग क्षणभर तसाच रेंगाळतो.

प्रश्न : पिवळे पडलेले प्लॅस्टिक पूर्ववत करावे का?

उत्तर : साबणाच्या पाण्याने धुवावे आणि शक्यतो तिथेच थांबावे. एबीएस प्लॅस्टिक आणि त्यात आग रोखण्यासाठी मिसळलेली ब्रोमिनयुक्त द्रव्ये अतिनील किरणांनी व काळाने पिवळी पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी तो रंग उतरतो हे खरे, पण लेप एकसारखा नसेल तर ढगांसारखे डाग पडतात, आणि पिवळेपणा बहुधा परततो. करायचेच असेल तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, आणि आधी न दिसणाऱ्या तुकड्यावर करावे.

प्रश्न : ठिपक्यांचा जुना प्रिंटर चालू होतो, पण छपाई अगदी फिकट येते. रिबन नवी मिळत नाही. काय करावे?

उत्तर : रिबन बहुधा वाळली आहे, आणि प्रिंटर चांगला असण्याचीच शक्यता अधिक आहे. १९८०च्या एप्सन एमएक्स-८० पासून रूढ झालेल्या या प्रकारात नऊ सुया विद्युतचुंबकांनी पुढे झेपावतात आणि शाईची कापडी रिबन कागदावर आपटतात. कापड फाटलेले नसेल तर त्यावर पुन्हा शाई चढवता येते. मात्र शाई ठिपक्यांच्या प्रिंटरसाठीची तेलयुक्तच असावी, कारण तिच्यामुळे सुयांना वंगण मिळते. शिक्क्याच्या पॅडची किंवा पेनची शाई सुयांच्या वाटेत सुकून त्या जाम करते. शाई थोडीच घालावी आणि रिबन रात्रभर तशीच ठेवून ती कापडात पसरू द्यावी. कागदाच्या जाडीसाठी कडेला असलेली तरफ चुकून जाड कागदावर ठेवली गेलेली नाही ना, हेही पाहावे, कारण नुसत्या त्या कारणानेही छपाई फिकट येते. प्रिंटर चालू असताना रुळाची मूठ हाताने फिरवू नये आणि छपाई संपल्यासंपल्या हेडला बोट लावू नये, ते चांगलेच तापलेले असते.

प्रश्न : रोज वापरात नसलेले हे सामान ठेवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : कोरडी, ऊन न येणारी आणि तापमान फारसे न बदलणारी जागा निवडावी. माळ्यापेक्षा राहत्या खोलीतील कपाट केव्हाही चांगले. सगळ्या बॅटऱ्या काढाव्यात, माउसची गोळी वेगळी गुंडाळून ठेवावी, आणि केबल कीबोर्डभोवती आवळून न गुंडाळता सैल वेटोळे करून ठेवावी, कारण तार आधी तुटते ती प्लगच्या मानेशीच. सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये मूळची पुठ्ठ्याची चकती असेल तर हलवताना ती आत घालावी, म्हणजे दोन हेड एकमेकांवर आपटत नाहीत. फ्लॉपीच्या लेबलावर काही लिहायचे असल्यास ते चिकटवण्याआधी लिहावे. बॉलपेनचा दाब आतल्या चकतीवर उमटतो. प्रत्येक यंत्राच्या खोक्यात एक चिठ्ठी मात्र अवश्य ठेवावी. तिच्यावर यंत्र शेवटचे केव्हा चालवले ती तारीख, पॉवर सप्लायचा त्या दिवशी मोजलेला दाब आणि कोणती कळ किंवा कोणता पोर्ट नीट चालत नव्हता हे लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी खोके उघडणाऱ्याला, मग ते आपण असू किंवा आणखी कोणी, कुठून सुरुवात करायची ते कळेल.